पटकथा कागदावर कशी उतरवायची: नमुने कुठे शोधायचे, मांडणी कशी शिकायची

तुमची पटकथा सगळ्यात बारकाईनं कोण वाचणार? निर्माता नाही. बरेचदा दिग्दर्शकही नाही. ती वाचणार पहिला सहायक दिग्दर्शक. हातात पेन्सिल घेऊन, पानावर रेघा मारत. रात्रीची दृश्यं किती, वाड्यातली किती, कुठल्या दृश्यात पाऊस, कुठे म्हैस, कुठे शंभर माणसांची वरात. त्याला गोष्टीत रस असेलही, पण त्या क्षणी तो हिशेब करत असतो. पटकथेच्या मांडणीचे जवळजवळ सगळे नियम त्याच्यासाठी जन्माला आले आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं पाठ करावं लागत नाही, आपोआप कळतं.

मांडणी शिकायला एक शनिवार-रविवार पुरतो. वर्षभर फक्त मांडणीच शिकत बसणारे लोकही भेटतात. ते लिहायचं टाळत असतात. तेव्हा हा टप्पा उरका आणि कामाला लागा.

आधी जवळ काय हवं

- युनिकोड मराठी टाइप करता येईल असा लॅपटॉप. मोबाइलवर संवाद सुचतात तसे टिपता येतात, पण पानाचा अंदाज येत नाही.
- एक देवनागरी फॉन्ट, पूर्ण पटकथेला तोच. नोटो सॅन्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा. दोन्ही मोफत आहेत.
- लिहायचं साधन (पायरी ४ मध्ये सविस्तर).
- दोन-तीन खऱ्या पटकथा, शक्य तर छापून घेतलेल्या.
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच. हे कशाला, ते पायरी ५ मध्ये.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव हे जुने फॉन्ट वापरत असाल तर आजच सोडा. तुमच्या संगणकावर झकास दिसतं, समोरच्याकडे फाईल गेली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला तुमची पटकथा वाचताच येत नाही आणि तो तुम्हाला तसं कळवेलच असं नाही.

१. नमुना हातात घ्या, पण तो कसला आहे ते ओळखा

‘पटकथा’ या नावाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी फिरत असतात. नवख्याचा गोंधळ इथेच सुरू होतो.

पहिली, लेखकानं विकण्यासाठी किंवा वाचायला देण्यासाठी लिहिलेली पटकथा. तुम्हाला शिकायची आहे ती ही.

दुसरी, शूटिंग स्क्रिप्ट. दृश्यांना दोन्ही समासांत क्रमांक, मध्येच एखाद्या क्रमांकापुढे ‘ओमिटेड’ (म्हणजे दृश्य वगळलं), उजव्या समासात बदल दाखवणारे तारे. हॉलिवूडमध्ये सुधारित पानं रंगीत कागदावर काढतात: पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी, मग पिवळी, मग हिरवी. हे सगळं निर्मिती सुरू झाल्यानंतरचं आहे. पहिल्या मसुद्यात त्याची नक्कल करू नका.

तिसरी, सिनेमा बघून कुणीतरी उतरवून काढलेले संवाद. यात दृश्यशीर्षकं (दृश्य आत की बाहेर, कुठे, केव्हा घडतं ते सांगणाऱ्या ओळी) नसतात किंवा कशीबशी असतात, गाणी मात्र शब्दन् शब्द असतात. हौसेनं केलेलं काम आहे, पण मांडणी शिकायला निरुपयोगी.

चौथी आपल्याकडे हमखास सापडणारी: सेन्सॉर स्क्रिप्ट. सिनेमा पूर्ण झाल्यावर, अंतिम संकलनावरून, प्रमाणपत्राच्या कामासाठी तयार केलेली नोंद. शॉटगणिक वर्णन, शॉटगणिक लांबी. सिनेमाच्या अभ्यासकाला सोन्यासारखी, लिहायला शिकणाऱ्याला चुकीची सवय लावणारी. कुणी ‘ओरिजिनल स्क्रिप्ट मिळाली’ म्हणून असा गठ्ठा दिला तर आनंदानं घ्या, फक्त तसं लिहू नका.

२. नमुने मिळतात कुठे

इंग्रजीतले भरपूर मिळतात. पुरस्कारांच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमेरिकन स्टुडिओ आपापल्या चित्रपटांच्या पटकथा मतदारांसाठी स्वतःच पीडीएफ करून खुल्या ठेवतात. यातली मांडणी खात्रीची. पुढे त्या काढल्याही जातात, म्हणून दिसली की डाउनलोड करून ठेवा. मालिकांसाठी बीबीसी रायटर्सचं मोफत स्क्रिप्ट ग्रंथालय आहे. ब्रिटिश मालिकांचे खरे भाग तिथे वाचता येतात. स्क्रिप्ट स्लग या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या किंवा मूळ पीडीएफ भरपूर सापडतात. आयएमएसडीबी हे संकेतस्थळ जुनं आणि मोठं आहे, पण तिथला मजकूर वेबपानावर ओतलेला असतो, समास मोडलेले असतात, आणि मसुदा कितवा ते दर वेळी कळत नाही. गोष्टीसाठी वाचा, मांडणीसाठी नको.

हिंदीत छापील पटकथा आहेत. गुलजारांच्या चित्रपटांची ‘मंज़रनामा’ मालिका राधाकृष्ण प्रकाशनाची. विशाल भारद्वाजांच्या ‘मक़बूल’, ‘ओंकारा’ आणि ‘हैदर’ यांच्या पटकथा हार्परकॉलिन्सनं २०१४ मध्ये काढल्या. पुस्तकाची मांडणी वाचकाच्या सोयीसाठी बदललेली असते, तेव्हा समास मोजायला पुस्तक घेऊ नका. दृश्य कुठे सुरू होतं, किती लवकर संपतं, दोन संवादांमध्ये लेखक काय दाखवतो, हे बघायला घ्या.

मराठी लेखकाचं एक उदाहरण मुद्दाम सांगतो. ‘मंथन’ या हिंदी चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली. कोलकात्याच्या सीगलनं १९८०च्या दशकात ती इंग्रजीत पुस्तकरूपात काढली, पण समीक बंद्योपाध्याय यांनी चित्रपटावरून पुन्हा रचलेली. म्हणजे नावाजलेल्या पुस्तकाच्या बाबतीतही ‘हा लेखकाच्या टेबलावरचा कागद आहे का, पडद्यावरून उतरलेला?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

मराठी छापील पटकथा फारच कमी. त्यामुळे पुण्यात असाल किंवा येणार असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठा. १९६४ साली सुरू झालेल्या या संस्थेत पुस्तकं, पुस्तिका, छायाचित्रं यांच्या जोडीला पटकथाही जतन केलेल्या आहेत. जाण्याआधी फोन करून काय बघायला मिळेल आणि कोणतं ओळखपत्र लागेल ते विचारा. नुसतं जाऊन धडकू नका.

आणि शेवटचा मार्ग, जो प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चालतो: माणसं. एखाद्या सहायक दिग्दर्शकाशी ओळख असेल तर प्रदर्शित झालेल्या सिनेमाची जुनी प्रत मागा. ‘स्क्रिप्ट द्या’ असं म्हणू नका. ‘मांडणी बघायची आहे, दहा पानं चालतील’ म्हणा. दहा पानं द्यायला फारसं कुणी नाही म्हणत नाही. मिळालेली प्रत व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलायची नाही. बऱ्याच प्रतींवर घेणाऱ्याचं नाव पुसट छापलेलं असतं. फुटली तर कुणाकडून फुटली हे लगेच कळतं, आणि तोंडघशी पडतो तो तुम्हाला मदत करणारा.

३. पानाचे अवयव ओळखा

सगळी पटकथा पाच-सहा प्रकारच्या ओळींनी बनते: दृश्यशीर्षक, वर्णन, पात्राचं नाव, संवाद, कंसातली सूचना, आणि क्वचित ‘कट टू’सारखं संक्रमण (पुढच्या दृश्यात कसं जायचं ते). आधी चुकीचं बघू.

*पहाटेची वेळ आहे. शालन गेली बारा वर्षं नवऱ्याच्या आजारपणात पिचून गेलेली आहे. नवरा वारल्यावर आता तिला माहेरची ओढ लागली आहे. ती एसटी स्टँडवर बसली आहे. कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्यावर झूम होतो. तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं आहे.*

आता तेच, पटकथेत बसेल असं:

बाह्य. एसटी स्थानक, फलाट ३ – पहाट

फलाट रिकामा. चौकशीच्या खिडकीत दिवा, आत कुणी नाही.

शालन (५५, नऊवारी, पायात पुरुषी चपला) बाकाच्या टोकाला बसली आहे. मांडीवर पत्र्याची पेटी.

वाहक बबन (३०) तिकिटाचं यंत्र खांद्याला अडकवत येतो.

　　　　बबन
　　मावशी, कुठं?

　　　　शालन
　　वाईची पहिली गाडी...

　　　　बबन
　　　(घड्याळ बघत)
　　ती गेली की. आता साडेसातला.

शालन पेटी उचलते. पुन्हा मांडीवर ठेवते.

पहिल्या उताऱ्यातली बारा वर्षं कॅमेऱ्यासमोर कशी आणणार? काहूर कसं दाखवणार? दुसऱ्यात पुरुषी चपला आहेत, आणि नवऱ्याबद्दल अवाक्षर नाही. प्रेक्षकाला तेवढं पुरतं. पुढच्या एखाद्या दृश्यात उलगडा करता येतो. झूम वगैरे दिग्दर्शक आणि छायालेखकाचं बघतील.

आता सहायकाच्या नजरेनं पाहा. बाह्य चित्रीकरण, दोन कलाकार, गर्दी नाही. वस्तू: पेटी, चपला, तिकिटाचं यंत्र. एसटी महामंडळाची परवानगी काढावी लागणार. आणि ‘पहाट’ हा शब्द वाचून तो कपाळाला हात लावणार, कारण तो उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो आणि तेवढ्यासाठी सगळं युनिट रात्री तीनला उठवावं लागतं. गोष्टीला पहाटच हवी असेल तर बिनधास्त लिहा. सवयीनं लिहीत असाल तर ‘दिवस’ किंवा ‘रात्र’ पुरे. ‘सांजवेळ’ हा शब्द कवितेत फुकट असतो, पटकथेत नसतो.

काही बारकावे:

शीर्षकातलं ठिकाणाचं नाव शेवटपर्यंत तेच ठेवा. एकदा ‘देशमुखांचा वाडा’, मग ‘अण्णांचं घर’, मग नुसतं ‘माजघर’ असं लिहिलंत की यादी करणारा तीन ठिकाणं धरतो. ‘देशमुखांचा वाडा, माजघर’, ‘देशमुखांचा वाडा, परसदार’ असं मोठ्याकडून लहानाकडे जा. पात्रांच्या नावांचंही तसंच: वर्णनात ‘वसंतराव’ आणि संवादाच्या डोक्यावर ‘वश्या’ असं नको. हाक कुणी काहीही मारो, नाव एकच.

इंग्रजीत पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा नाव मोठ्या लिपीत लिहितात. देवनागरीत मोठी लिपी नाही, म्हणून ठळक करा. फक्त पहिल्यांदा.

वर्णन वर्तमानकाळात, आणि एका परिच्छेदात तीन-चार ओळींहून जास्त नको.

कंसातली सूचना ही मिठासारखी. ‘(रागानं)’, ‘(उदासपणे)’ प्रत्येक संवादावर शिंपडलंत तर नट ते वाचणं सोडून देतो. संवादच रागाचा असेल तर कंस कशाला? शब्दांवरून कळत नाही ते सांगायचं असेल, उदाहरणार्थ गोड बोलतोय पण खोटं, तेव्हाच वापरा.

बोलीभाषा जशी कानावर पडते तशी लिहा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी येत नसेल तर खोटी लिहू नका; साधं लिहा आणि सुरुवातीच्या पानावर नोंद करा की संवाद अमुक बोलीत व्हायचे आहेत. जाणकार नंतर मिळतो. खोट्या बोलीचा वास मात्र पहिल्या पानावर येतो.

पडद्याबाहेरचा आवाज दोन प्रकारचा: पात्र तिथेच आहे पण चौकटीत नाही, किंवा आवाज दुसऱ्याच ठिकाणाहून वा काळातून येतोय. इंग्रजीत यासाठी अनुक्रमे ‘ओ.एस.’ आणि ‘व्ही.ओ.’ अशी दोन वेगळी चिन्हं आहेत. आपल्याकडे सर्रास दोन्हीला ‘व्हीओ’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही होऊ नका. ध्वनीवाल्याचं काम दोन्हीत वेगळं असतं.

गाणं असेल तर ‘इथे गाणं’ एवढं लिहून पळू नका. गाण्यात गोष्ट कुठून कुठे सरकते ते चार-सहा ओळींत दृश्यांसकट लिहा. शब्द गीतकार लिहील.

४. साधन निवडा आणि समास बसवा

फायनल ड्राफ्ट हे पटकथेचं सॉफ्टवेअर महाग आहे, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांचं देवनागरीशी जमत नाही. पहिल्या पटकथेसाठी त्यात पैसे घालू नका. स्क्राइट हे भारतात तयार झालेलं सॉफ्टवेअर मराठीसह भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवून केलं आहे. इंग्रजी कळफलकावर ‘गाव’ उच्चारानुसार टाइप केलं की देवनागरीत उमटतं. दर आणि सवलती बदलत असतात, डाउनलोड करण्याआधी बघा.

काहीच विकत घ्यायचं नसेल तर फाउंटन शिका. हे सॉफ्टवेअर नव्हे, साध्या मजकुरात पटकथा लिहायची पद्धत आहे, नोटपॅडवरही चालते. इथे देवनागरीवाल्यांची एक अडचण होते, ती ओळखून ठेवा. फाउंटन इंग्रजी मोठ्या अक्षरांवरून पात्राचं नाव ओळखतं आणि ‘इंट.’ (आत), ‘एक्स्ट.’ (बाहेर) या इंग्रजी खुणांवरून दृश्यशीर्षक. आपण ‘बबन’ लिहिलं की ते त्याला वर्णन समजतं आणि सगळे संवाद डावीकडे येऊन पडतात. उपाय सोपा: पात्राच्या नावाआधी ईमेलमधलं ‘@’ चिन्ह टाका, दृश्यशीर्षकाच्या ओळीची सुरुवात टिंबानं करा. छापताना ही चिन्हं गायब होतात.

वर्ड किंवा गूगल डॉक्सही चालतं, पण स्पेसबार दाबून दाबून संवाद मध्ये आणू नका. एक शब्द बदलला की पूर्ण पान हलतं. प्रत्येक ओळप्रकाराची शैली एकदा बनवा:

- पान ए४. डावा समास दीड इंच, बाकीचे तिन्ही एक इंच. डावा जास्त, कारण तिथे बाइंडिंग येतं.
- दृश्यशीर्षक आणि वर्णन डाव्या समासापासून.
- संवाद समासापासून एक इंच आत, उजवीकडूनही साधारण दीड इंच आत.
- कंसातली सूचना समासापासून साधारण १.६ इंच, पात्राचं नाव २.२ इंच आत. नाव मध्यभागी आणायचं नाही. सगळी नावं एकाच रेषेत सुरू व्हायला हवीत.
- पानाचा क्रमांक वर उजवीकडे. दृश्यशीर्षक पानाच्या अगदी तळाशी एकटं राहू देऊ नका.

‘कुरिअर १२ पॉइंट’ हा प्रसिद्ध नियम इंग्रजीसाठी आहे. त्या टंकात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी, इंचाला दहा अक्षरं, म्हणून पानाचा हिशेब जमतो. कुरिअरमध्ये देवनागरी नाहीच. तुम्ही तो निवडलात तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट घालतो, आणि पीडीएफमध्ये कधी कधी नुसते चौकोन येतात. ओळींमधलं अंतरही इंग्रजीचं ठेवू नका. रफार आणि उकार कापले जातात. १२ पॉइंट अक्षराला १६ ते १८ पॉइंट अंतर बरं दिसतं.

टीव्हीसाठी लिहिणार असाल तर वाहिनीचा किंवा निर्मितीसंस्थेचा ठरलेला साचा असतो. तो मागून घ्या, स्वतःचा चालवू नका. दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा तीन वेगळी माणसं लिहितात, त्यामुळे तुमच्या हातात नुसता दृश्यांचा आराखडाही येऊ शकतो. माहितीपट आणि जाहिरातीत मात्र दोन रकाने चालतात: डावीकडे दिसणारं, उजवीकडे ऐकू येणारं.

५. पान म्हणजे मिनिट: स्वतःचा हिशेब काढा

एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा ठोकताळा इंग्रजी पानाचा, तोही त्यांच्या लेटर आकाराच्या कागदाचा, जो आपल्या ए४ पेक्षा थोडा आखूड असतो. मराठी पानावर तो जसाच्या तसा बसत नाही. म्हणून स्टॉपवॉच. तुमची कुठलीही सलग दहा पानं मोठ्यानं वाचा, वर्णनाला थांबून, संवाद बोलण्याच्या वेगानं. जो वेळ येईल त्याला दहानं भागा. तुमच्या फॉन्टचा, तुमच्या हाताचा तो दर. पटकथा अर्धी झाली की पुन्हा एकदा मोजा. संवादांचा भाग आणि धावपळीचा भाग वेगळा निघतो.

सेटवर दृश्याची लांबी पानाच्या आठव्या हिश्शांत मोजतात. शालनचं दृश्य साधारण तीन-अष्टमांश म्हटलं जाईल. तुम्ही हे लिहायचं नसतं, पण कुणी ‘किती एट्थ?’ विचारलं तर गोंधळू नका.

६. हात बसवायचा सराव

पाठ असलेला एखादा मराठी सिनेमा घ्या. त्यातलं चार-पाच मिनिटांचं, कमी बोलण्याचं दृश्य निवडा. आवाज बंद करून बघा आणि फक्त वर्णन लिहा. मग आवाज लावून संवाद घाला. आता ते पान सिनेमा न पाहिलेल्या मित्राला द्या आणि काय दिसलं ते विचारा. त्यानं विचारलेला प्रत्येक ‘म्हणजे कुठे?’, ‘म्हणजे कोण?’ तुमच्या मांडणीतलं भोक आहे. नमुने नुसते वाचून हे येत नाही.

७. बाहेर पाठवण्याआधी

मुखपृष्ठावर नाव, लेखक, मसुद्याची तारीख, खाली संपर्क. चित्र, पोस्टर, ‘सत्य घटनेवर आधारित थरारक’ वगैरे काही नको. कथा, पटकथा, संवाद वेगवेगळ्या लोकांचे असतील तर तसं लिहा. कादंबरीवर बेतलेलं असेल तर मूळ लेखकाचं नाव आणि हातात लेखी परवानगी, दोन्ही हवं.

नोंदणी: मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं (जुनं नाव फिल्म रायटर्स असोसिएशन) सभासदत्व घेतलं की पीडीएफ ऑनलाइन नोंदवता येते, मराठीही. दुसरा रस्ता केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयाचा; साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. दोन्हीतून तुमचा मजकूर अमुक तारखेला तुमच्याकडे होता याचा पुरावा मिळतो. ‘एका गावात पाणी नसतं’ ही कल्पना कुणाच्याच नावावर होत नाही, तेव्हा दोन ओळींची कल्पना नोंदवायला धावू नका. निदान सविस्तर कथा होऊ द्या.

पाठवताना पीडीएफच. वर्डची फाईल समोरच्याच्या संगणकावर वेगळी उघडते. पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा, ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘द्ध्य’ नीट दिसतात का ते. आपल्याकडे बरेच निर्माते वाचत नाहीत, ऐकतात. नॅरेशन आवडलं की लगेच विचारतात, ‘बाउंड स्क्रिप्ट आहे?’ त्या वेळी ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणायची पाळी येऊ देऊ नका. एक प्रत एकाच बाजूला छापून स्पायरल करून ठेवा. मागची कोरी बाजू वाया गेली असं वाटेल, पण सहायक मंडळी सगळ्या नोंदी तिथेच करतात. आणि फाईलच्या नावात ‘फायनल’ लिहू नका, तारीख लिहा.